वाळीत टाकण्याचं स्वातंत्र्य असतं का?

१८९० साली पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली काही प्रतिष्ठित मंडळी जमली होती. समोर चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी कपाला नुसता हात लावला. पाहुण्यांत महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळकही होते. ही सगळी जुळणी करणाऱ्या गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे त्यांना वाळीत टाकण्याचं प्रकरण, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यांच्या सुधारक मित्रांना ते फार लागलं.

ही हकीकत आज गमतीने सांगितली जाते. धर्मस्वातंत्र्य म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर मला मात्र सुरुवात इथूनच करावीशी वाटते, कारण या गोष्टीत सरकार कुठेच नाही. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात लोकांच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही असं वचन होतं. मिशनमध्ये जाऊन चहा पिऊ नये असा कोणताही कायदा नव्हता. भीती होती ती वेगळीच. उद्या श्राद्धाला भटजी येतील का, मुलीचं लग्न जमेल का, पंगतीत आपलं पान मांडलं जाईल का? त्या काळातला महाराष्ट्रातला सर्वांत विद्वान गणला जाणारा माणूस या भीतीपुढे वाकला.

धर्मस्वातंत्र्यावर बोलताना आपण बहुतेक वेळा दोनच भांडणं धरून चालतो. एक सरकार आणि धर्म यांच्यातलं, दुसरं एका धर्माचं दुसऱ्या धर्माशी. पण सर्वांत जुनं आणि घरोघरी पोहोचलेलं भांडण तिसरं आहे: माणूस आणि त्याचाच समाज यांच्यातलं. परंपरा सांगते की संन्यास सोडून संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांच्या चार मुलांना आळंदीच्या ब्रह्मवृंदाने जातीबाहेर ठेवलं आणि शुद्धिपत्रासाठी पैठणला धाडलं. ज्ञानेश्वरीचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या समाजाने तिच्या कर्त्याच्या लहानपणी त्याला हे दिलं होतं.

संविधानाने कुणाला काय दिलं

भारतीय संविधानात धर्मस्वातंत्र्य अनुच्छेद २५ ते २८ मध्ये येतं. अनुच्छेद २५ माणसाचं आहे. आपल्या विवेकाप्रमाणे मानण्याचं, आपला धर्म उघडपणे सांगण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रचार करण्याचं स्वातंत्र्य ‘सर्व व्यक्तींना’ सारखंच आहे. ‘नागरिकांना’ असं तिथे म्हटलेलं नाही, म्हणजे भारतात राहणाऱ्या परदेशी माणसालाही ते आहे. अनुच्छेद २६ संप्रदायाचं आहे. धार्मिक संप्रदायाला संस्था चालवण्याचा, मालमत्ता ठेवण्याचा आणि धर्माच्या बाबतीत आपला कारभार आपणच पाहण्याचा हक्क त्यात आहे. उरलेली दोन अनुच्छेदं सरकारला बांधतात: एखाद्या विशिष्ट धर्माच्या वाढीसाठी कर लावता येत नाही, आणि पूर्णपणे सरकारी पैशांवर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही.

पहिल्या दोन अनुच्छेदांत एक बारीकसा फरक आहे. पुढची सगळी गुंतागुंत त्यातून निघते, म्हणून तो नीट पाहायला हवा. माणसाच्या स्वातंत्र्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य या मर्यादा आहेत. शिवाय मूलभूत हक्कांच्या बाकीच्या तरतुदींचंही बंधन आहे. समतेचा हक्क, अस्पृश्यताबंदी, जगण्याचा हक्क हे सगळं त्यात आलं. संप्रदायाच्या स्वातंत्र्याला पहिल्या तीन मर्यादा आहेत, चौथी मात्र शब्दांत लिहिलेली नाही. थोडक्यात, कागदावर तरी समूहाचं स्वातंत्र्य माणसाच्या स्वातंत्र्यापेक्षा कमी बांधलेलं दिसतं.

अनुच्छेद २५ ने सरकारच्या हातात आणखी दोन साधनं दिली आहेत. धर्माशी जोडलेल्या आर्थिक, राजकीय किंवा ऐहिक व्यवहारावर सरकार नियंत्रण ठेवू शकतं. देवस्थानाच्या जमिनीचा हिशेब मागता येतो तो यामुळे. आणि समाजसुधारणेसाठी कायदा करता येतो, सार्वजनिक हिंदू देवळं सर्व जातींना खुली करण्याचा कायदासुद्धा.

मग धर्म कुठे संपतो आणि समाजव्यवहार कुठे सुरू होतो? संविधान सभेत २ डिसेंबर १९४८ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हा मुद्दा मांडला होता. त्यांचं म्हणणं असं की या देशात धर्माची कल्पना इतकी पसरट आहे की जन्मापासून मरणापर्यंत आयुष्याचा कोणताच कोपरा तिच्या बाहेर उरत नाही. सगळंच धर्म मानलं तर सुधारणेचा कायदा करताच येणार नाही. म्हणून श्रद्धा आणि मूलतः धार्मिक असलेले विधी एवढ्यापुरतीच धर्माची व्याख्या ठेवली पाहिजे. पुढे न्यायालयांनी ‘धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता’ ही जी कसोटी वापरली, तिची चाहूल या भाषणात लागते.

मुंबईचा १९४९ चा कायदा

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं सरकार होतं. त्या सरकारने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला. कोणत्याही समाजाने आपल्या सभासदाला बहिष्कृत केलं तरी ते कायद्याने वैध ठरणार नाही, आणि असं करणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत दंड. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी असा भेद त्यात नव्हता.

कायद्याची परीक्षा झाली ती दाऊदी बोहरा समाजाच्या प्रकरणात. या शिया पंथाचे प्रमुख म्हणजे सय्यदना, ज्यांना ‘दाई’ म्हणतात. गावोगावी त्यांचा प्रतिनिधी ‘आमिल’ असतो. वयात आल्यावर ‘मिसाक’ म्हणजे निष्ठेची शपथ घ्यायची, लग्नासारख्या कार्याला ‘रझा’ म्हणजे परवानगी घ्यायची, अशी ही घट्ट बांधलेली व्यवस्था आहे. बहिष्काराला तिथे ‘बराअत’ म्हणतात. बराअत झालेल्याला मशिदीत आणि जमातखान्यात जाता येत नाही, समाजाच्या दफनभूमीत जागा मिळत नाही, आणि नातेवाइकांनीही संबंध तोडायचे असतात.

बहिष्कृत झालेले एक सभासद १९४९ चा कायदा आल्यावर न्यायालयात गेले आणि १९५२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. तेव्हा ५१ वे दाई सय्यदना ताहेर सैफुद्दीन सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ जानेवारी १९६२ ला निकाल लागला आणि चार विरुद्ध एक अशा मतांनी कायदा रद्द झाला.

बहुमताचा युक्तिवाद सहज झटकून टाकण्यासारखा नाही. संप्रदाय श्रद्धेवर उभा असतो. मूळ श्रद्धाच नाकारणाऱ्याला बाहेर काढायचा अधिकार नसेल तर संप्रदाय संप्रदाय राहणार नाही. कायदा तर निव्वळ धार्मिक कारणासाठी केलेला बहिष्कारही बेकायदा ठरवत होता. शिवाय त्या माणसाचे नागरी हक्क जातात म्हणून संप्रदायाचा हक्क कमी होत नाही, कारण अनुच्छेद २६ मध्ये तशी अट नाही, असं बहुमताने सांगितलं. वर सांगितलेला बारीक फरक इथे निर्णायक ठरला. न्यायमूर्ती अय्यंगार यांनी वेगळ्या निकालपत्रात म्हटलं की सुधारणेच्या नावाखाली धर्मच नाहीसा होईल इतकी सुधारणा करता येत नाही.

विरोधी मत होतं सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचं. त्यांनी पाहिलं ते बाहेर काढलेल्या माणसाकडे. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याचं लग्न नाही, दफन नाही. मग त्याची अवस्था अस्पृश्यासारखीच झाली ना? अस्पृश्यता तर संविधानाने संपवली आहे. म्हणून या कायद्याला त्यांनी धर्मावरचा हल्ला मानलं नाही. माणसाची प्रतिष्ठा राखणारी समाजसुधारणा म्हणून त्यांनी तो उचलून धरला.

मला सिन्हांचं मत पटतं, पण बहुमताचाही एक भाग खरा वाटतो. एखाद्या पंथाने ‘तू आमच्या तत्त्वाला मानत नाहीस, म्हणून तुला आमचा गुरुमंत्र नाही’ असं म्हणण्यात गैर काय? दीक्षा द्यायची की नाही, प्रसाद कुणाच्या हातून घ्यायचा, उपदेशक कुणाला नेमायचं हे सरकारने ठरवू लागणं भयंकर ठरेल. गोष्ट बिघडते ती पुढच्या पायरीवर, जेव्हा दीक्षा नाकारण्याबरोबर दुकानही नाकारलं जातं, आईला मुलाशी बोलायची बंदी होते, प्रेत घेऊन दारोदार फिरावं लागतं. पहिली शिक्षा धर्माच्या आतली आहे. दुसरी माणसाच्या जगण्यावर आहे, आणि ती देण्याचा अधिकार कोणत्याही संप्रदायाला असू नये. १९६२ च्या बहुमताने ही दोन्ही एकाच गाठोड्यात बांधली, असं माझं प्रामाणिक मत आहे.

प्रकरण तिथे थांबलं नाही. जयप्रकाश नारायणांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘सिटिझन्स फॉर डेमोक्रसी’ने न्यायमूर्ती नाथवानी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि त्याने बोहरा सुधारकांच्या छळाची नोंद केली. असगर अली इंजिनिअर यांच्यासारखे सुधारक मुंबईत राहून आयुष्यभर हा प्रश्न लावून धरत राहिले. १९६२ च्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून १९८६ मध्ये याचिका दाखल झाली. १० फेब्रुवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने सांगितलं की जुन्या निकालाचा विचार पुन्हा व्हायला हवा: संप्रदायाचा हक्क आणि माणसाचा प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क यांचा तोल पाहिला पाहिजे, आणि ‘नीतिमत्ता’ या मर्यादेचा अर्थ संविधानाच्या नीतिमत्तेच्या अंगाने तपासला पाहिजे. हा प्रश्न मग केरळातल्या शबरीमला मंदिरातल्या स्त्रियांच्या प्रवेशाच्या प्रश्नाबरोबर नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाकडे सोपवला गेला. याचिकेपासून या आदेशापर्यंत ३७ वर्षं गेली.

अत्यावश्यक काय, हे कोण सांगणार?

न्यायालयं धर्माच्या बाबतीत निवाडा कसा करतात? १९५४ च्या शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता हे मुख्यतः त्या धर्माच्या शिकवणीवरून ठरवायचं. हा मठ कर्नाटकातल्या उडुपीचा, आपल्या पुणे जिल्ह्यातल्या शिरूरशी त्याचा संबंध नाही. पुढे १९६१ मध्ये अजमेर दर्ग्याच्या खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी त्यात भर घातली की अंधश्रद्धेतून आलेल्या आणि धर्माला मुळात आवश्यक नसलेल्या प्रथांना हे संरक्षण नाही. तेव्हापासून न्यायाधीश पोथ्या, कुराण, आगम वाचून अमुक प्रथा धर्माची गाभ्यातली की वरची हे सांगू लागले.

या पद्धतीने बरंच चांगलं घडलं हे खरं. तरी मला ती अस्वस्थ करते. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात मजारीपर्यंत जायला स्त्रियांना बंदी झाली होती. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली. ती बंदी धर्माचा आवश्यक भाग असल्याचं सिद्ध झालं नाही, हे त्यातलं एक कारण होतं. पण समजा, सिद्ध झालं असतं तर? एखाद्या ग्रंथात स्पष्ट लिहिलेलं सापडलं असतं तर त्या बायकांचा समतेचा हक्क कमी झाला असता का? अन्याय जुना आणि गाभ्यातला असला की त्याला अभय, आणि नवा असला की बंदी, असं व्हायला नको.

सर्वोच्च न्यायालयाचं दुसरं एक प्रकरण मला जास्त रास्त वाटतं. १९८५ मध्ये केरळमधल्या एका शाळेतून तीन भावंडांना काढून टाकलं. ती यहोवाज विटनेस या छोट्या ख्रिस्ती पंथाची. राष्ट्रगीत सुरू झालं की ती आदराने उभी राहायची, पण देवाशिवाय कुणाची स्तुती गायची नाही या श्रद्धेमुळे गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. ही श्रद्धा आम्हाला पटते का, हे त्यांनी विचारलं नाही. ती मुलं हे मनापासून मानतात का, आणि त्यांच्या न गाण्याने कुणाचं काही बिघडतं का, एवढंच पाहिलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी निकालाच्या शेवटी लिहिलं की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान सहिष्णुता सांगतं, आपलं संविधान सहिष्णुता आचरतं, ती आपण पातळ करू नये.

मन खरं आहे का आणि इजा कुणाला होते, हे दोन प्रश्न मला सगळ्या ग्रंथचर्चेपेक्षा उपयोगी वाटतात. लाऊडस्पीकरचा वाद त्यांनी पटकन सुटतो. प्रार्थना तुमची, झोप माझी. रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आणि निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा मशीद, मंडप, चर्च सगळ्यांना सारखी आहे, आणि ध्वनिवर्धक हा धर्माचा मूलभूत हक्क नाही हे मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे. संथारा व्रताचा प्रश्न मात्र असा सहज सुटत नाही. प्रौढ जैन माणूस स्वतःच्या इच्छेने अन्न सोडतो तेव्हा इजा, असलीच तर, त्याचीच. ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला आत्महत्या ठरवलं आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. माझ्यापुरतं सांगायचं तर, निर्णय खरोखर त्या माणसाचा असेल, घरच्यांचा किंवा समाजाचा दबाव नसेल, तर तिथे सरकारने जपून पाऊल टाकावं. लहान मुलाच्या बाबतीत मात्र मी असं अजिबात म्हणणार नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्येच सांगितलं होतं की आईबापांनी हवं तर स्वतः हुतात्मा व्हावं, मुलांना हुतात्मा करण्याचा हक्क त्यांना नाही.

दुसऱ्याच्या भावना दुखावणं ही अनुच्छेद २५ मधली मर्यादा नाही, हेही इथेच सांगायला हवं. धर्माचा जाणूनबुजून, दुष्ट हेतूने अपमान करणं हा फौजदारी गुन्हा आहे. पण शेजारच्याने वेगळा देव मानला, किंवा कुठलाच मानला नाही, म्हणून कुणाला वाईट वाटलं, तर ते वाईट वाटणं त्याचं त्यालाच सोसावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं की ‘मला कोणताच धर्म नाही’ असं म्हणण्याचाही हक्क आहे आणि सरकार कुणावर धर्म जाहीर करण्याची सक्ती करू शकत नाही.

बाहेर पडायची वाट

पोर्तुगीजांच्या गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं आणि मधली काही वर्षं सोडता १८१२ पर्यंत टिकलं. त्याआधीपासून देवळं पाडली जात होती. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली ती त्या धामधुमीत. पण इन्क्विझिशनचा मुख्य रोख बाप्तिस्मा झालेल्यांवर होता, ही बाजू फारशी सांगितली जात नाही. एकदा ख्रिस्ती झालेला माणूस घरात तुळस लावतो का, लग्नात जुनी गाणी म्हणतो का, यावर नजर होती, आणि १७३६ च्या फर्मानात अशा चालीरीतींवर बंदी होती. आत यायची सक्ती आणि बाहेर जायला मनाई, अशी दोन्ही बाजूंनी ती कोंडी होती.

म्हणून मला वाटतं, एखाद्या समाजात धर्मस्वातंत्र्य आहे का हे पाहायचं असेल तर तिथून बाहेर पडणाऱ्याला काय किंमत मोजावी लागते ते पाहावं. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. संविधानाच्या आधाराने विवेक वापरण्याचं याहून मोठं उदाहरण आपल्याकडे नाही. त्याचीही किंमत मोजावी लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळेनात. महाराष्ट्राने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या, केंद्राचा आदेश बदलायला मात्र १९९० उजाडलं. धर्म बदलला म्हणून गावाने त्यांची जात विसरली नव्हती, सरकारी कागदाने तेवढी विसरली.

इथेच धर्मांतराचा वाद येतो. प्रचाराचा हक्क संविधानात आहे, पण १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही. जबरदस्ती, फसवणूक नको, हे योग्यच. मात्र यात धर्म बदलणाऱ्या माणसाच्या बाजूने विचार कमी होतो. तो कुणाच्या हातची वस्तू नाही. त्याचा स्वतःचा विवेक आहे, आणि अनुच्छेद २५ ची सुरुवात त्या विवेकापासूनच होते.

सहिष्णुतेची गोष्ट या हक्कांहून निराळी आहे. न आवडणारं चालू देणं म्हणजे सहिष्णुता, आणि समाजात एकत्र राहायचं तर ती लागतेच. पण जो बळकट असतो त्यालाच ती दाखवता येते, आणि मनात आलं की तो ती काढूनही घेऊ शकतो. चोखोबांना विठ्ठलाच्या महाद्वाराबाहेर राहू दिलं गेलं, त्यांचे अभंग गायले गेले, समाधीही दाराशीच झाली. आत मात्र प्रवेश नव्हता. शतकानुशतकांची ही सहिष्णुता हक्कात बदलावी म्हणून साने गुरुजी महाराष्ट्रभर फिरले आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी मंदिर खुलं झालं. त्याच वर्षी मुंबई प्रांताने मंदिरप्रवेशाचा कायदाही केला. लोकांची मनं वळवणं आणि कायदा करणं या दोन्ही गोष्टी लागल्या. एकटा कायदा किंवा एकटी सद्भावना पुरली नसती.

पुन्हा वाळीत टाकण्याकडे

मुंबई सरकारने १९२८ मध्ये दलितांच्या स्थितीच्या चौकशीसाठी स्टार्ट समिती नेमली होती, बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात समितीने नोंदवलं की दलितांनी साधा हक्क बजावला तरी गाव बहिष्कार टाकतं: रस्ता बंद, मजुरी बंद, वाण्याकडून जिन्नस बंद. माणसाला दडपून टाकणारं याहून परिणामकारक हत्यार आम्हाला माहीत नाही, अशा अर्थाचं वाक्य त्यात आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेच्या वेळी ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याच्या आधारे तरतुदी मांडल्या, आणि १९४७ मध्ये संविधान सभेसाठी लिहिलेल्या निवेदनातही सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. संविधानात अस्पृश्यताबंदी आली. बहिष्काराच्या गुन्ह्याचं वेगळं कलम आलं नाही.

१९६२ नंतर महाराष्ट्राकडे १९४९ च्या कायद्याचा आधारही राहिला नाही. मधल्या काळात रायगड-रत्नागिरीच्या गावांतून वाळीत टाकल्याच्या तक्रारी येत राहिल्या. कुणी गावकीच्या निर्णयाविरुद्ध निवडणूक लढवली म्हणून, कुणी जातीबाहेर लग्न केलं म्हणून. जातपंचायती दंड ठरवत राहिल्या. २०१३ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याचं अभियान सुरू केलं. समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला, तरी कार्यकर्ते थांबले नाहीत.

एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ पासून तो लागू झाला आणि त्याने १९४९ चा कायदा अधिकृतपणे रद्द केला. नव्या कायद्याची रचना पाहिली तर १९६२ च्या निकालातला धडा त्यात उतरलेला दिसतो. कुणाला धर्मात ठेवायचं यावर त्याचा भर नाही. माणसाला काय काय नाकारलं जातं, हे तो मोजतो: लग्न, अंत्यविधी, सामाजिक-धार्मिक कार्यक्रमात सहभाग, सार्वजनिक जागा, शाळा, दवाखाना, दुकानदारी, रोजगार. गुन्हा सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बहिष्कार टाकायला चिथावणी देणारा आणि त्यासाठी बैठक बोलावणारा यांनाही कायदा सोडत नाही. दंडाची रक्कम पूर्ण किंवा काही अंशी पीडिताला देता येते.

नऊ न्यायाधीशांपुढचा प्रश्न यामुळे मिटत नाही. धर्मगुरूंनी धार्मिक कारणासाठी केलेल्या बहिष्काराला हा राज्याचा कायदा कुठवर लागू होतो, याचं उत्तर शेवटी अनुच्छेद २६ च्या अर्थावरच अवलंबून आहे. दीक्षा आणि दफनभूमी यांत फरक करणारा निकाल यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पण गावात आज कुणाचं पाणी तोडलं असेल, कुणाच्या घरच्या मयताला खांदा द्यायला बंदी झाली असेल, तर त्याने त्या निकालाची वाट पाहत बसू नये. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी तक्रार नोंदवून घ्यायलाच हवी, आणि थेट दंडाधिकाऱ्यांकडेही जाता येतं. बहिष्कार सहसा कागदावर लिहिलेला नसतो. म्हणून बैठक कधी झाली, कोण काय म्हणालं, कोणत्या दुकानाने कधी माल नाकारला याची तारखेनिशी नोंद ठेवावी, मोबाईलवरचे निरोप जपून ठेवावेत. साक्षीदार मिळणं सर्वांत अवघड, कारण साक्ष देणाऱ्यालाही वाळीत टाकतात. साक्ष देणाऱ्याला वाळीत टाकणं हाही याच कायद्याखाली गुन्हा आहे, हे शेजाऱ्यांना कळलं तर तोंड उघडायला त्यांना थोडं बळ मिळतं.